बांध, मानस आणि घाट : गोव्यातील गावांत पूरनियंत्रणाच्या देखभालीचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

पंचायतीत पहिल्यांदाच निवडून आलेले पंच, खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेल्या नदीकाठच्या सखल जमिनीच्या, कूळ संघटनेवर नव्याने आलेले सदस्य, जलस्रोत खात्यात नुकताच रुजू झालेला कामगार आणि नदीकाठच्या घाटाची किंवा उद्यानाची जबाबदारी स्वीकारलेले युवक मंडळ, या सर्वांपुढे जून महिना जवळ येताच एकच प्रश्न उभा राहतो. बांध आहे, मानस (बांधातील दारांची मोरी) आहे, व्हाळ (ओढा) आहे, बंधारा आहे, शेजारी लोकांना बसण्यासाठी बाके आणि मुलांसाठी झोके आहेत. पण यांतले काय, कधी आणि कोणत्या क्रमाने पाहायचे, हे लिहून ठेवलेले कोठे सापडत नाही. जुनी माणसे ते अंगवळणी पडलेल्या सवयीने करीत असत, आणि त्यांच्या मागे ती सवयही गेली. पुढील मांडणी वर्षाच्या क्रमाने, म्हणजे एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत, केलेली आहे. तिच्या मुळाशी एकच अनुभव आहे : गोव्यातील गावात पुराचे पाणी सहसा बांध ओलांडून येत नाही, ते आधी एखाद्या लहान भोकातून, अडकलेल्या दारातून किंवा बुजलेल्या गटारातून येते.

पहिली पायरी : कोणती गोष्ट कोणाची, याची यादी करणे

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गावाचा नकाशा घेऊन बसावे आणि पाण्याशी संबंधित प्रत्येक बांधकामापुढे त्याची जबाबदारी कोणाची आहे ते लिहावे. ही पायरी कंटाळवाणी वाटते, परंतु भर पावसात फोन कोणाला करायचा यावरून वाद घालण्यापेक्षा ती केव्हाही बरी.

मोठी धरणे, नद्यांवरील बंधारे, पूरसंरक्षक भिंती आणि पंपगृहे सर्वसाधारणपणे जलस्रोत खात्याकडे असतात. खाजन जमिनीच्या बांधांचे तसे नाही. पूर्वी हे बांध गावकरी म्हणजे कोमुनिदाद, या गावाच्या सामाईक जमिनी पाहणाऱ्या संस्था, सांभाळीत असत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कुळांच्या सामाईक जबाबदारीची व्यवस्था आली आणि १९७५ च्या नियमांनी तिला आकार दिला. त्यानुसार कूळ संघटना बांधांची आणि मानशींची किरकोळ दुरुस्ती करतात, मानशीतील मासेमारीच्या लिलावाचे उत्पन्न त्यासाठी वापरतात आणि मामलेदार त्यांच्या कारभारावर लक्ष ठेवतात. मोठ्या दुरुस्तीसाठी कृषी संचालनालयाच्या मृद्संधारण विभागाकडे जावे लागते. रस्त्याकडेची गटारे आणि मोऱ्या रस्ता कोणाच्या मालकीचा आहे त्याप्रमाणे पंचायतीकडे किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात.

यादीत परवानगीचाही एक रकाना असावा. खारफुटी तोडणे हा गुन्हा आहे. खाजन जमिनींना किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी म्हणून वेगळे संरक्षण दिलेले आहे, आणि झाड पाडण्यासाठी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. बांध वाचवण्याच्या चांगल्या हेतूने चालवलेली करवतही कायद्याला करवतच दिसते, हे नवख्यांनी आधीच समजून घ्यावे. ज्या कामाला परवानगी लागणार असेल त्याचा अर्ज एप्रिलमध्येच द्यावा, कारण मे अखेरीस दिलेल्या अर्जाचे उत्तर पावसाआधी मिळेलच असे नाही.

दुसरी पायरी : ओहोटीला चालणे

यादी झाली की बांधावरून चालायला निघावे, आणि तेही ओहोटीच्या वेळी. भरतीला बांधाची बाहेरची बाजू पाण्याखाली असते आणि जे पाहायला हवे तेच झाकलेले असते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक जवळ ठेवावे. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणात पाणी सर्वाधिक चढते व सर्वाधिक उतरते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्याने चढउतार कमी असतो. तपासणी उधाणाच्या ओहोटीला करावी आणि दुरुस्ती भांगाच्या दिवसांत करावी, हा जुना आणि अजूनही खरा असलेला नियम आहे. भरती केवळ किनाऱ्यालगतच्या गावांपुरती नसते. मांडवीत ती पार गांजेपर्यंत जाणवते, त्यामुळे फोंडा आणि डिचोली तालुक्यांतील नदीकाठच्या गावांनाही हे वेळापत्रक हवे.

बरोबर एक वही, एक काठी, मोजपट्टी आणि फोटो काढता येईल असा फोन पुरे. बांधावर दर ५० मीटरला चुन्याने किंवा रंगाने क्रमांक घालावा, म्हणजे नोंद करताना ‘माडाजवळ’ किंवा ‘वळणापाशी’ असे मोघम लिहावे लागत नाही. प्रत्येक क्रमांकावरून त्याच दिशेने दरवर्षी एक फोटो घ्यावा. बांध एका वर्षात चार बोटे खचला तर डोळ्यांना कळत नाही. मागील वर्षीच्या फोटोशेजारी यंदाचा ठेवला की लगेच कळते.

तिसरी पायरी : मातीच्या बांधाची तपासणी

खाजनाचा बांध चिखलाचा असतो आणि नदीकडील बाजूला लाटांचा मारा सोसण्यासाठी चिऱ्यांचे किंवा दगडांचे अस्तर असते. मांडवी आणि जुवारीत बार्जींच्या येजा करण्याने उठणाऱ्या लाटांनी हे अस्तर सुटे होते. एक चिरा निसटला की त्यामागची माती धुपते आणि मग शेजारचा चिरा लोंबकळू लागतो. म्हणून सुटलेला पहिला चिरा ज्या दिवशी दिसेल त्याच आठवड्यात बसवून घ्यावा. बांधाच्या पायथ्याशी नदीपात्रातून रेती काढली जात असेल तर अस्तर कितीही दुरुस्त केले तरी पाया खालून सरकतो, आणि त्याची लेखी तक्रार करण्याला पर्याय नाही.

चार गोष्टी मुद्दाम शोधाव्यात.

पहिली म्हणजे खेकड्यांची व उंदरांची बिळे. बाहेरून बोटाएवढे दिसणारे बीळ आत किती लांब गेले आहे ते काठी घालून पाहावे. वरून माती लोटून बीळ बुजवल्याचे समाधान मिळते, पण पोकळी तशीच राहते. बीळ खोदून मोकळे करावे आणि ओल्या चिकट चिखलाने थराथराने ठेचून भरावे.

दुसरी म्हणजे भेगा. बांधाच्या लांबीला समांतर गेलेली भेग गंभीर असते, कारण तिचा अर्थ बांधाची एक बाजू खाली घसरू लागली आहे असा असू शकतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या मारून त्यांच्यातील अंतर लिहून ठेवावे आणि आठ दिवसांनी पुन्हा मोजावे. अंतर वाढले असेल तर ते काम गावाच्या आवाक्यातले नाही, अभियंत्याला बोलवावे.

तिसरी म्हणजे आतल्या बाजूने येणारा ओलावा. प्रत्येक मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपतेच. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर नोंद करून लक्ष ठेवणे पुरे. पाणी गढूळ असेल तर ते आपल्याबरोबर बांधाची माती घेऊन येत आहे, आणि आत नळीसारखी वाट तयार होऊ लागली आहे, असे समजावे.

चौथी म्हणजे झाडे. बांधाच्या माथ्यावर आणि उतारावर मोठी झाडे नकोत. मुळे कुजली की तेथेच पाण्याला वाट मिळते आणि वाऱ्यात झाड उन्मळले तर बांधाचा लचका घेऊन पडते. उतारावर दाट गवत मात्र असावे, ते कापावे पण उपटू नये. बांधाबाहेर नदीपात्रात वाढलेली खारफुटी लाटांचा जोर मोडते, तिला हात लावू नये. बांधाच्या अंगातच रुजलेली रोपटी हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वन खात्याबरोबरच सोडवावा लागतो.

माती भरताना एक चूक जवळजवळ प्रत्येक नवा माणूस करतो : बांधाला लागूनच खड्डा खणून त्याची माती बांधावर टाकतो. त्याने बांधाची उंची वाढते आणि पायथा पोकळ होतो. माती दूर अंतरावरून आणावी, आणि कोरडी लाल माती चिखलाच्या बांधावर टाकू नये. दोन्ही मातींचा जीव जमत नाही, पहिल्या पावसात वरचा थर वेगळा होऊन वाहून जातो.

चौथी पायरी : मानस आणि पोय

गोव्याच्या खाजन व्यवस्थेचे हृदय मानशीत आहे, आणि नवख्याला सर्वाधिक वेळ येथेच द्यावा लागतो. मानस म्हणजे बांधातील पाण्याची मोरी, आणि तिला बसवलेली दारे. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याचा दाब दारांवर पडतो आणि ती आपोआप मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी आतल्या पातळीखाली गेली की आतले पाणी दारे ढकलून बाहेर पडते. वीज नाही, यंत्र नाही, रात्री उठून कोणी चाक फिरवायचे नाही. मात्र ही रचना एका अटीवर चालते, आणि ती अट म्हणजे दार पूर्ण मिटले पाहिजे.

माझ्या या कामातील पहिल्याच मे महिन्यात मानशीतून खारे पाणी आत येऊ लागले. लाकूड जुने झाले असा निष्कर्ष मी घाईने काढला आणि नव्या फळ्यांची मागणी लिहून दिली. तीन दिवसांनी एका वयस्क मच्छीमाराने ओहोटीला खाली उतरून उंबरठ्यात अडकलेला एक असोला नारळ काढून दाखवला. तेवढ्या तीन दिवसांत खालच्या दोन शेतांत खारे पाणी बसले होते. तेव्हापासून लाकडाकडे पाहण्याआधी मी उंबरठ्याकडे पाहतो.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. उधाणाच्या ओहोटीला, दारे मोकळी लोंबत असताना, उंबरठा आणि बाजूच्या खाचा हाताने साफ कराव्यात. शिंपले, ओंडके, प्लास्टिक, जाळ्यांचे तुकडे सर्व काढावे. त्यानंतर दार हाताने मिटून पाहावे व बिजागऱ्यांचा खेळ तपासावा. मग भरती चढताना आतल्या बाजूला उभे राहून किती व कोठून पाणी येते ते पाहावे. फळ्यांच्या सांध्यातून येणारे बारीक पाणी हे लाकडाचे दुखणे आहे आणि ते भरून काढता येते. दाराच्या चौकटीच्या बाहेरून, म्हणजे दगडी भिंत आणि बांध यांच्या सांध्यातून येणारे पाणी हे बांधाचे दुखणे आहे. ते अधिक धोक्याचे असते, कारण पूर्ण मानस बाजूने पोखरली जाऊन कोसळू शकते. मोरीच्या दोन्ही तोंडांशी पाण्याच्या जोराने खळगा पडला आहे का, हे काठीने खोली मोजून पाहावे आणि खळगा असेल तर मोठ्या दगडांनी भरावा.

मानशीत मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. जाळे ओहोटीला, बाहेर जाणाऱ्या पाण्यावर लावायचे असते. भरतीला दार मुद्दाम बांधून उघडे ठेवले की मासळी अधिक मिळते, पण खारे पाणीही आत येते, आणि पावसाआधी ते शेतात बसले तर पेरणीचा हंगाम हातचा जातो. कोरगूटसारखे भात खारटपणा सोसते, तरी रोपे कोवळी असताना त्यालाही मर्यादा असते. म्हणून लिलावाच्या अटींत दार बांधून ठेवण्यास मनाई स्पष्ट शब्दांत लिहावी आणि मानशीची देखरेख कोण करणार त्याचे नाव त्याच कागदावर घालावे. या विषयावर गावात भांडण होणार हे गृहीत धरावे. लेखी अट असली की ते भांडण निदान लवकर संपते.

मानशीइतकीच महत्त्वाची, आणि सर्वात दुर्लक्षित, गोष्ट म्हणजे पोय. मानशीच्या आत असलेला पाण्याचा हा पसरट साठा म्हणजे पडीक जागा नव्हे. भरतीच्या तासांत दारे मिटलेली असताना गावावर पडलेला पाऊस थांबायचा कोठे, याचे उत्तर पोय हे आहे. साधा हिशेब करून पाहावा. १ हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १००० घनमीटर पाणी होते. १०० हेक्टरांचे पाणी एका मानशीकडे येत असेल, तर ते १ लाख घनमीटर झाले. त्यातले काही जमिनीत मुरते, काही शेतात थांबते, पण उरलेल्याला ओहोटी होईपर्यंत पोयीतच जागा हवी. पोय गाळाने भरली किंवा तिच्या काठावर भराव पडून ती अरुंद झाली की तेवढेच पाणी घरांच्या पायऱ्यांवर येते, आणि लोक दोष मानशीला देतात. म्हणून एप्रिलमध्ये पोयीची खोली दहा-बारा ठिकाणी मोजून वहीत लिहावी, गाळ काढायचा असेल तर तो बांधापासून दूर टाकावा, आणि काठावर नवीन भराव दिसताच त्याचा फोटो व तारीख घेऊन पंचायतीला व मामलेदारांना कळवावे. भराव एकदा जुना झाला की तो काढणे फार अवघड होते.

पाचवी पायरी : व्हाळ आणि बंधारे

मेच्या मध्यापर्यंत व्हाळ व गटारे साफ झालेली असावीत. काम नेहमी खालून वर करावे, म्हणजे नदीला मिळणाऱ्या तोंडापासून सुरुवात करून गावाकडे यावे. वरचा भाग आधी साफ केला तर सुटलेला कचरा खालच्या अरुंद मोरीत जाऊन बसतो. काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या सरीत तो पुन्हा आत येतो. तो त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे, आणि कंत्राट देताना ‘काढणे’ व ‘उचलून नेणे’ या दोन्ही शब्दांचा उल्लेख असला पाहिजे. व्हाळाचा तळ मात्र खरवडून सपाट करू नये आणि काठावरची झाडे सरसकट साफ करू नयेत. काठ मोकळा झाला की तोच ढासळून पुढच्या वर्षीचा गाळ होतो.

उन्हाळ्यात पाणी अडवण्यासाठी बंधाऱ्यांत घातलेल्या फळ्या मे संपण्यापूर्वी काढाव्या लागतात. गोव्यात मान्सून सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण वळवाचा एखादा जोरदार पाऊस आधीच नदी फुगवू शकतो, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. फळ्या वरून खाली, सर्व गाळ्यांतून सारख्या प्रमाणात काढाव्यात, जेणेकरून पाणी एकाच गाळ्यातून उसळणार नाही. काढण्याच्या आदल्या दिवशी खालच्या गावांना आणि नदीत कपडे धुणाऱ्या, गुरे नेणाऱ्या लोकांना कळवावे. काढलेल्या फळ्यांवर क्रमांक घालून त्या पूररेषेच्या वर, छपराखाली रचाव्यात. फळ्या बंधाऱ्याशेजारी उघड्यावर ठेवल्या तर ऑक्टोबरमध्ये त्यांतील किती परत मिळतील ते सांगता येत नाही.

सहावी पायरी : भिंत आणि पंप

काही ठिकाणी पुराला भिंत आणि पंप अशा जोडीने तोंड दिले जाते, आणि वाळवंटी नदीकाठची साखळी बाजारपेठ हे त्याचे गोव्यातील उत्तम उदाहरण आहे. बाजार सखल भागात, नदी शेजारी, आणि मध्ये पूरसंरक्षक भिंत. भिंत नदीला बाहेर ठेवते. पण नदी चढली की बाजारात पडलेल्या पावसालाही ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणून गटारांच्या तोंडाशी दारे असतात आणि दारे मिटल्यावर आतले पाणी पंपांनी भिंतीपलीकडे टाकावे लागते. वरच्या बाजूला सत्तरी तालुक्यात केरीजवळ अंजुणे धरण आहे आणि त्याचे पाणी याच नदीत येते, त्यामुळे धरणातून विसर्ग होणार असल्याची सूचना, पाऊस आणि भरती या तिन्ही गोष्टी येथे एकत्र पाहाव्या लागतात.

ज्या गावात अशी व्यवस्था आहे तेथे मे महिन्यात प्रत्येक पंप प्रत्यक्ष पाणी उपसत किमान अर्धा तास चालवून पाहावा. कोरडा चालू करून आवाज ऐकणे ही चाचणी नव्हे, उलट त्याने पंप बिघडतो. कचरा अडवणारी जाळी, इंधनाचा साठा, जनरेटर व विजेचा फलक पूररेषेपेक्षा उंच आहेत की नाहीत, आणि रात्री पंप चालवता येणाऱ्या किमान दोन व्यक्ती गावात राहतात की नाहीत, हे पाहावे. चावी एकाच माणसाकडे असणे हा मी पाहिलेला सर्वात सामान्य दोष आहे.

सातवी पायरी : पावसाचे दिवस

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस. पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा ऐकताच नवख्याने लगेच भरतीचे वेळापत्रक उघडावे. ओहोटीला पडलेला मोठा पाऊस गाव सोडून निघून जातो. तोच पाऊस उधाणाच्या भरतीला पडला तर थांबून राहतो. इशारा आणि उधाण एकत्र येणार असतील तर आदल्या संध्याकाळीच मानशी व मोऱ्यांची तोंडे पाहून घ्यावीत.

बांधावर गस्त नेहमी जोडीने घालावी. एकट्याने कधीही जाऊ नये. चांगली विजेरी, दोर आणि मोबाइल बरोबर असावा. काणकोण तालुक्यात २ ऑक्टोबर २००९ रोजी झालेल्या अतिवृष्टीत काही तासांतच नद्या घरांत शिरल्या होत्या. पावसाळा सरत आला म्हणून गस्त बंद करू नये, एवढ्यासाठी ही तारीख लक्षात ठेवावी.

बांधाच्या आतल्या पायथ्याशी पाणी उकळल्यासारखे वर येताना दिसले आणि त्याबरोबर रेती किंवा चिखल येत असेल, तर त्यावर दगड टाकून तोंड बंद करण्याचा मोह टाळावा. पाणी शेजारून दुसरी वाट काढते. त्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे करावे, आत पाणी चढू द्यावे आणि बाहेर पडणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत कडे वाढवावे. पोती अर्ध्याहून थोडी अधिकच भरावीत, गच्च भरलेली पोती एकमेकांत बसत नाहीत. तोंड दुमडून खाली दाबावे आणि विटांसारखे सांधे चुकवत थर रचावेत. बांध फुटलाच, म्हणजे खांवटे पडले, तर प्रथम माणसे हलवावीत आणि ११२ वर कळवावे. त्यानंतर फुटलेल्या दोन्ही टोकांना पोत्यांचा आधार द्यावा, कारण प्रत्येक भरती-ओहोटीत ती टोके तुटत जाऊन फट रुंदावते. ती पूर्ण बुजवण्याचे काम भांगाच्या दिवसांत, ओहोटीला, खुंटांच्या दोन रांगा ठोकून त्यांमध्ये झावळ्या व चिकट चिखल भरून करावे.

आठवी पायरी : घाट, उद्याने आणि पाण्याकाठची विरंगुळ्याची ठिकाणे

मये तलाव, हरवळेचा धबधबा, साळावली धरणाजवळील उद्यान यांसारख्या ठिकाणी लोक लांबून येतात. पण गावोगावचे लहान घाट आणि बांधावरच्या पायवाटा यांचा वापर त्याहून अधिक होतो. यांची देखभाल पूरनियंत्रणापासून वेगळी मानू नये. बहुतेक वेळा जागा तीच असते, आणि ती पावसात पाण्याखाली जाणार हे धरूनच प्रत्येक वस्तू बसवावी लागते. बाके आणि कचऱ्याच्या कुंड्या पायाशी घट्ट बसवलेल्या किंवा मेमध्ये काढून ठेवता येण्याजोग्या असाव्यात, कारण वाहून गेलेले एक बाक मोरीत आडवे बसले तर पूर्ण व्हाळ तुंबतो. दिव्यांच्या जोडण्या पूररेषेच्या वर हव्यात. बांधावरची पायवाट चालण्यासाठीच ठेवावी. दोन्ही टोकांना खांब रोवून चारचाकी वाहनांना मज्जाव करावा, कारण चाकोऱ्यांत साचलेले पाणी माथ्यातून बांधात उतरते. सुशोभीकरणाच्या नावाखाली बांधाच्या उतारावर माड किंवा शोभेची मोठी झाडे लावण्याचा प्रस्ताव दर दोन-तीन वर्षांनी येतोच. तो नम्रपणे नाकारावा व झाडे पायथ्यापासून दूर लावण्यास सुचवावे.

वर्षाचे सण वेळापत्रकात आधीच घालावेत. २४ जूनला सांजाव हा ख्रिस्ती सण असतो आणि तरुण विहिरींत व व्हाळांत उड्या घेतात. त्या आठवड्यात सार्वजनिक विहिरींचे कठडे, पाण्याची खोली आणि तळाशी पडलेल्या काचा-लोखंड तपासावे. जास्त जबाबदारीचे काम चतुर्थीचे आहे. भाद्रपदात नद्या अजून भरलेल्या असतात, विसर्जन बहुधा संध्याकाळनंतर होते, आणि डोक्यावर मूर्ती घेतलेला माणूस पायाखाली पाहू शकत नाही. चतुर्थीच्या आठ दिवस आधी पायऱ्यांवरील शेवाळ खराट्याने घासून काढावे, तुटलेल्या पायऱ्या दुरुस्त कराव्यात, पाण्यात जेथपर्यंत जाणे सुरक्षित आहे तेथे दोर ताणावा, भरपूर उजेड करावा आणि पोहता येणाऱ्या दोघातिघांना ट्यूब व दोरासह उभे करावे. विसर्जनानंतर दुसऱ्या सकाळी माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीचे) सामान व निर्माल्य उचलले नाही तर तेच पुढच्या मानशीच्या उंबरठ्यात सापडते.

धोक्याचे फलक मराठी, कोकणी आणि इंग्रजीत असावेत आणि त्यांवर केवळ ‘सावधान’ न लिहिता कारण लिहावे : ‘येथे पाण्याखाली भोवरा आहे’, ‘वर धरण आहे, पाणी अचानक वाढते’. पावसाळ्यात धबधबे, नद्या व चिऱ्यांच्या खाणींतील पाण्यात उतरण्यास जिल्हाधिकारी बंदी घालतात, तो आदेश फलकाशेजारी लावावा. बाहेरून आलेल्या पर्यटकाला शांत दिसणारे पाणी शांतच वाटते, त्याला कारण वाचायला मिळाले तर तो ऐकण्याची शक्यता वाढते.

नववी पायरी : पूर ओसरल्यावर

गाळ ओला असतानाच धुऊन काढावा; वाळला की तो कुदळीने काढावा लागतो आणि फरशी फुटते. वीज बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय दिव्यांच्या खांबांना हात लावू नये. साचलेल्या पाण्यात उतरणाऱ्यांनी गमबूट व हातमोजे वापरावेत, पायाला जखम असलेल्याने उतरू नये, आणि नंतर ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची) शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी. मुलांचे झोके व घसरगुंड्या हलवून, खालची माती दाबून पाहिल्याशिवाय खुल्या करू नयेत. भिंतींवर पाणी कोठवर चढले त्याची ओली रेघ एक-दोन दिवसच दिसते. तेवढ्यात तिच्यावर रंगाने खूण करून तारीख लिहावी. पुढच्या वेळी पंपाचा फलक किती उंच लावायचा, हे तीच रेघ सांगते.

दहावी पायरी : ऑक्टोबर आणि नोव्हेंबर

पाऊस थांबल्यावर बांधावर क्रमांकानुसार पुन्हा एकदा चालून वही पूर्ण करावी आणि दुरुस्तीची मागणी दिवाळीपूर्वी संबंधित खात्याला लेखी द्यावी, पोच घ्यावी. नदीचा प्रवाह उतरल्यावर बंधाऱ्यांच्या खाचांतील गाळ काढून फळ्या खालून वर घालाव्यात, सांध्यांत चिकट माती भरावी, आणि पाणी एकदम न अडवता खालच्या गावांना पुरेसे जात राहील अशा बेताने पातळी वाढवावी. साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत नौकोत्सव होतो. ज्या गावांत असे जलोत्सव असतात तेथे त्या रात्रीपर्यंत पाण्याची पातळी स्थिर झालेली, घाटावरील दिव्यांच्या तारा कोरड्या जागी बांधलेल्या आणि होड्यांमध्ये माणसागणिक जीवरक्षक जॅकेट ठेवलेले असावे. फळ्यांची मोजणी करताना कमी भरलेल्यांची संख्या त्याच दिवशी वहीत लिहावी, म्हणजे नव्या फळ्यांचे लाकूड एप्रिलपर्यंत कापून सुकवून तयार ठेवता येते.